टाकाऊतून गुरुत्व

मुंबईत समुद्राच्या कडेला, भरतीच्या रेषेपासून चार पावलांवर डीजीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारं सर्व्हेचं यंत्र, लावला आणि जिऑइड मॉडेल न लावता उंची बघितली तर आकडा उणे साठच्याही खाली जातो. मीटरमधे. म्हणजे पायाला वाळू लागतेय, कणीसवाला समोर शेगडी फुंकतोय आणि यंत्र सांगतंय की तुम्ही वीस मजले खाली आहात. सर्व्हेच्या कामात नवीन आलेली पोरं इथे हमखास गडबडतात. अँटेनाची हाइट तपासतात, बेसचे कोऑर्डिनेट तपासतात, एखादा तर यंत्रच बंद करून परत चालू करतो. मग कुणीतरी जुना माणूस लांबूनच ओरडतो, "अरे ती एलिप्सॉइडवरची उंची आहे, जिऑइड लाव." मेन्यूत जाऊन फाइल निवडली की आकडा जागेवर येतो, चहा येतो, पुढचा पॉइंट.

मला त्या मेन्यूतल्या फाइलबद्दल लिहायचंय. तिच्यात पृथ्वीवरच्या प्रत्येक ठिकाणाचा आकडा असतो, अगदी जिथे माणूस कधी गेला नाही अशा समुद्राचासुद्धा, आणि तो समुद्राचा भाग कसा भरला गेला हे वाचायला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सगळा धंदाच दुसऱ्यांच्या टाकाऊ मालावर चाललेला आहे. शाळेत हस्तकलेला असायचं ना, टाकाऊतून टिकाऊ, अगदी तसं. कुणाची चूक, कुणाचा नॉइज, कुणी निवृत्त केलेला उपग्रह, कुणी फायलीत दाबून ठेवलेला डेटा.

आधी थोडं मूळ प्रकरण. पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरलेला असतो, ध्रुवांपाशी जरा चेपलेला, तो एलिप्सॉइड. जीपीएसला तेवढाच कळतो. समुद्राला त्याच्याशी देणंघेणं नाही, समुद्र गुरुत्वाचं ऐकतो. खाली जास्त वस्तुमान असेल तिथे आजूबाजूचं पाणी ओढलं जाऊन फुगवटा येतो, कमी असेल तिथे पाणी बसतं. वारा, भरती-ओहोटी, प्रवाह सगळं बंद केलं तर पाणी ज्या आकारात शांत होईल तो जिऑइड, आणि गंमत म्हणजे भर समुद्रात ही सगळी धांदल मिळून पाणी मीटर-दोन मीटर वरखाली करते, गुरुत्व मात्र शंभर मीटरच्या हिशेबात खेळतं. न्यू गिनीच्या बाजूला समुद्र एलिप्सॉइडच्या ऐंशी मीटरच्याही वर आहे आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला साधारण १०६ मीटर खाली. जगातला सगळ्यात खोल खळगा आपल्या दाराशी आहे, मुंबईचे उणे साठ म्हणजे त्याच खळग्याची कड.

या खळग्यात जहाज शिरतं तेव्हा कुणालाही काही कळत नाही. उतरताना डिझेल वाचत नाही, बाहेर पडताना चढ लागत नाही, टेबलावरची गोटी घरंगळत नाही. कारण खाली म्हणजे कुठे हे ठरवणारं गुरुत्वच तिथे वळलेलं आहे आणि पाणी प्रत्येक जागी त्याला काटकोनात बसलेलं आहे, लेव्हलचा बुडबुडा सगळीकडे मधोमध. उतार आहे खरा पण तो फक्त बाहेर उभं राहून एलिप्सॉइडवरून बघणाऱ्याला दिसतो. समुद्रावर राहून हा उतार कुणाला दिसला नाही यात काही नवल नाही.

बाहेर उभं राहणारा म्हणजे उपग्रह. तो आठशे-हजार किलोमीटर वरून सरळ खाली रडारचा पल्स सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, स्वतःची कक्षा लेझर आणि रेडिओच्या मदतीने सेंटिमीटरपर्यंत माहीत असते, वजाबाकी केली की त्या जागी पाणी एलिप्सॉइडपासून किती उंच ते मिळालं. ऐकायला सोपं आहे. पण समुद्रतळावर दोन किलोमीटर उंचीचा डोंगर असला तर वर पाण्याला येणारा फुगवटा जेमतेम दोनेक मीटरचा, तोही चाळीसेक किलोमीटरवर पसरलेला, आणि त्याच्यावरून तीन-तीन मीटरच्या लाटा चाललेल्या. या लाटांतून तो फुगवटा उचलायचा आहे. पल्सचा ठसाच काही किलोमीटर रुंद असल्यामुळे लाटांची सरासरी आपोआप होते, शिवाय सेकंदाला हजारो पल्स, त्यांची परत सरासरी, त्याच भागातून पुन्हा पुन्हा जायचं, त्यांची अजून एकदा सरासरी.

इथे बऱ्याच लोकांचा एक गोंधळ होतो, तो आत्ताच निस्तरतो. डोंगराने पाणी खाली ओढलं तर वर खळगा यायला हवा, फुगवटा कसा? तर डोंगर पाणी खाली दाबत नाही, आजूबाजूचं पाणी बाजूने स्वतःकडे खेचतो, ते गोळा होतं आणि उंचावतं. उलट खंदकावर पाणी बसतं, पोर्तो रिकोच्या खंदकावर तर पंधरा-वीस मीटर.

आणि खरं मोजायचं ते उंचीपेक्षा उतार. कक्षेतली चूक, भरतीच्या मॉडेलमधली चूक, हवेतल्या बाष्पामुळे पल्सला झालेला उशीर, या सगळ्या गोष्टी शेकडो किलोमीटरवर हळूहळू बदलतात, म्हणजे शेजारशेजारच्या दोन बिंदूंची वजाबाकी केली की त्या जवळजवळ मरतात आणि उतार तेवढा उरतो. एक किलोमीटरला एक मिलिमीटर उतार म्हणजे एक मायक्रोरेडियन, आणि तेवढ्या उतारातून ढोबळमानाने एक मिलिगॅल गुरुत्व निघतं, जे पृथ्वीच्या एकूण गुरुत्वाच्या साधारण दहा लाखावा भाग आहे. किलोमीटरला मिलिमीटर! आपल्याकडे बाथरूमच्या लादीला मोरीकडे उतार देताना गवंडी याच्या दहापट ढाळ देतो आणि तरी पाणी कोपऱ्यात साचतं ते साचतंच. हां, दहापट कसला, हजारोपट.

पाण्याचा उतार म्हणजे दुसऱ्या बाजूने बघितलं तर ओळंबा किती कलला ते. आणि इथे जुनी चूक येते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची त्रिकोणमितीची मोजणी चालू होती, तीच ती विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मधे मद्रासजवळ सुरू केलेली. लॅम्बटन १८२३ मधे आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला, हैदराबादहून नागपूरला जाताना, त्याची कबर तिथेच आहे आणि सर्व्हेवाल्यांनी एकदा तरी जाऊन यावं अशी जागा आहे असं माझं मत. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठाण्यांच्या अक्षांशातला फरक साखळीने मोजला तर एक येत होता आणि तारे बघून काढला तर दुसरा, मधे कोनाच्या ५.२३६ सेकंदांची तफावत, एका अंशात असे ३६०० सेकंद. जमिनीवर दीडशे मीटरच्या आसपास. एव्हरेस्टने ती मोजणीतलीच चूक मानली. पण कलकत्त्याच्या चर्चमधले प्रॅट नावाचे धर्मगुरू, गणिताची आवड असलेले, त्यांनी हिशेब मांडला की ही हिमालयाची करामत आहे, एवढा मोठा पर्वत तारे बघणाऱ्या यंत्राचा ओळंबा आपल्याकडे ओढणारच. मग तो किती ओढेल तेही काढलं, तर उत्तर आलं १५.८८५ सेकंद. तिप्पट! म्हणजे हिमालय दिसतो तेवढा जड वागत नव्हता. १८५५ साली प्रॅट यांनी हे छापलं आणि लगेच एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं की पर्वताच्या खाली हलक्या खडकाची मुळं खोलवर गेलेली असणार, त्यामुळे हिशेब कमी भरतो. पर्वत तरंगतात ही आजच्या भूशास्त्रातली पायाभूत कल्पना सर्व्हेच्या वहीतल्या एका न जुळणाऱ्या बेरजेतून आली. त्या ५.२३६ सेकंदांचे मायक्रोरेडियन केले तर पंचवीस होतात, आजचे उपग्रह समुद्रावर एक-दोनपर्यंत पोचलेत.

समुद्रावर गुरुत्व मोजायचं म्हणजे तेव्हा मोठं संकट होतं, लंबक लावायचा कुठे, जहाज डोलतंय. डच शास्त्रज्ञ फेनिंग माइनेसने यावर उपाय काढला, पाणबुडीतून खाली जायचं. दोन मीटरहून उंच माणूस, आणि १९२०-३० च्या काळातल्या त्या पाणबुड्या, सरळ उभं राहायचीही पंचाईत. खाली लाटांचा हलका डोल तरीही पोचायचा, म्हणून त्याने एकाच आधारावर अनेक लंबक टांगले आणि त्यांच्या झुल्यांमधला फरक मोजला, आधार जेवढा हलेल तेवढा दोघांनाही हलवेल, वजाबाकीत तो निघून जाईल. परत तीच युक्ती बघा, वजाबाकी करा, नको ते मारा. जावाजवळच्या खंदकावर गुरुत्व भयंकर कमी आहे हे त्यानेच दाखवलं, आणि हिंदी महासागरातला तो मोठा खळगासुद्धा १९४८ मधे त्याच्याच नावावर लागलेला आहे. शिवाय गुरुत्वावरून ओळंबा किती कलेल हे काढायचं एक सूत्र त्याने लिहून ठेवलं. उपग्रहवाले आज ते सूत्र उलटं चालवतात, पाण्याच्या उतारावरून गुरुत्व. १९२८ साली बिचाऱ्याने स्वप्नातही आणलं नसेल.

उपग्रहांची गोष्ट सुरू होते ती स्कायलॅब आणि जिऑस-३ पासून, पण खरी धमाल नासाच्या सीसॅटची. जून १९७८ मधे गेला आणि ऑक्टोबरमधे वीजपुरवठ्यात शॉर्ट सर्किट होऊन मेला, जेमतेम १०५ दिवस. त्याच्या मरणाबद्दल नंतर कंड्याही खूप पिकल्या, की पाणबुड्यांच्या खुणा दिसायला लागल्या म्हणून मुद्दाम बंद केला वगैरे, त्या सोडून द्या. मुद्दा हा की त्या साडेतीन महिन्यांच्या अर्धवट डेटावरून विल्यम हॅक्सबी यांनी १९८० च्या दशकात समुद्राच्या गुरुत्वाचा जो रंगीत नकाशा काढला त्यात समुद्रतळावरचे कडे, भेगा, खंदक एकदम एका कागदावर दिसले. त्याआधी ते जहाजांच्या सुट्या सुट्या रेघांमधून अंदाजाने जोडलेले होते.

मग अमेरिकन नौदलाचा जिओसॅट, १९८५. त्यांना गुरुत्वाचं कौतुक नव्हतं, त्यांना पाणबुडीतून सुटणारी क्षेपणास्त्रं नेमकी पडायला हवी होती आणि त्यासाठी सुटायच्या जागी ओळंबा किती कलतो ते माहीत असणं भाग होतं. दीड वर्ष समुद्रावरून एकमेकींना खेटून फेऱ्यांच्या दाट रेघा मारून समुद्र पिंजून काढला आणि सगळं गुप्त म्हणून कुलपात. शास्त्रज्ञ मागतायत, थोडं थोडं मिळतंय, आधी अंटार्क्टिकाकडचा तुकडा, मग आणखी थोडा. शेवटी युरोपच्या ईआरएस-१ ने १९९४-९५ मधे स्वतःच्या दाट रेघा मारल्या, म्हणजे गुपित राहिलंच नाही, तेव्हा १९९५ मधे नौदलाने कुलूप काढलं. दोन्ही एकत्र करून डेव्हिड सँडवेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी १९९७ मधे गुरुत्वाचा आणि त्यावरून समुद्रतळाच्या खोलीचा जगाचा नकाशा काढला. गूगल अर्थवर समुद्राचा तळ दिसतो ना, त्यातला बराचसा असाच आलेला आहे, तिथे कुणी बोट घेऊन गेलेलं नाही, पाण्याच्या उतारावरून ओळखलेला तळ आहे तो.

आणि नियतीचा विनोद म्हणजे ८ जानेवारी २००५ ला अमेरिकन नौदलाचीच सॅन फ्रान्सिस्को पाणबुडी गुआमच्या दक्षिणेला भर वेगात पाण्याखालच्या डोंगरावर आपटली. एक नौसैनिक गेला, कितीतरी जखमी झाले. त्यांच्या हातातल्या चार्टवर तिथे डोंगर नव्हता. उपग्रहांच्या गुरुत्वावरून काढलेल्या नकाशात मात्र त्या जागी काहीतरी उंच आहे हे दिसत होतं. असं वाचलं की चिडचिड होते.

पुढचा माल तर शब्दशः निवृत्त लोकांकडून आला. समुद्रशास्त्रज्ञांना उपग्रह त्याच त्या रेघेवरून परत परत जायला हवा असतो, दर दहा दिवसांनी तीच जागा, म्हणजे पाणी किती बदललं ते कळतं. जिऑइड त्यांच्यासाठी नको असलेली गोष्ट, वजा करून टाकायची. गुरुत्ववाल्यांना याच्या बरोब्बर उलटं हवं, रेघा एकमेकींवर पडू नयेत, मधल्या फटी भराव्यात, आणि रोज बदलणारं पाणी त्यांच्यासाठी कचरा. एकाच मोजणीतून दोघं एकमेकांचा माल गाळून फेकतात. पैसे अर्थात पहिल्यांना मिळतात. त्यामुळे दुसऱ्यांनी वाट बघायची. पाण्याची उंची मोजणारा जेसन-१ उपग्रह म्हातारा झाला, त्याला नेहमीच्या कक्षेत ठेवणं धोक्याचं झालं तेव्हा २०१२ मधे वेगळ्या कक्षेत ढकलला, तिथे ४०६ दिवसांची एक पूर्ण फेरी त्याने मारली आणि पुढच्या काही दिवसांतच गप्प झाला. आपला सरल, इस्रो आणि फ्रान्सचा मिळून, २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याचा रडार जास्त फ्रीक्वेन्सीचा, नॉइज फारच कमी. तीन वर्षांत त्याची चाकं, म्हणजे उपग्रहाची दिशा सांभाळणारी रिअॅक्शन व्हील्स, कुरकुर करायला लागली म्हणून जुलै २०१६ पासून त्याला नेमकी कक्षा धरायचं सोडून तसाच वाहू दिला. वाहता वाहता रेघा नवीन नवीन जागी पडायला लागल्या. गुरुत्ववाल्यांची दिवाळी.

जुन्या पल्सवरसुद्धा यांनी असाच हात मारला. परत आलेल्या पल्सची चढती कड बघून दोन गोष्टी काढायच्या असतात, तो कधी आला आणि लाटा किती उंच होत्या, आणि या दोन उत्तरांच्या चुका एकमेकांत अडकलेल्या असतात, एक हलली की दुसरी हलते. सँडवेल आणि स्मिथ यांनी म्हटलं, अरे, लाटांची उंची काय दर सात किलोमीटरला बदलत नाही, तो वाऱ्याचा कारभार आहे, लांबवर सारखाच असतो. मग आधी लाटा काढल्या, त्या पन्नासेक किलोमीटरवर गुळगुळीत करून पक्क्या धरल्या आणि फक्त येण्याची वेळ परत काढली. नवीन उपग्रह नाही, नवीन पैसा नाही, जुन्याच टेपांमधून उतार एकदम सुधारला.

कुणी विचारेल की ग्रेस, गोचे असे खास गुरुत्वासाठी सोडलेले उपग्रह होते की, मग हे उद्योग कशाला? गोचे अडीचशे किलोमीटरवरून फिरायचा, त्याहून फार खाली उपग्रह फार काळ टिकत नाही, आणि तेवढ्या उंचीवर लहान डोंगराची ओढ विरून गेलेली असते. मोठमोठे आकार ते उत्तम सांगायचे. समुद्राचं पाणी मात्र खडकाच्या फक्त चार किलोमीटर वर आहे, त्याला बारीकसारीकही जाणवतं, उपग्रहाने फक्त पाण्याला काय वाटतंय ते बघायचं. अर्थात चार किलोमीटरही कमी नाहीत. जाड गोधडीखाली पोरं झोपलेली असावीत तसं आहे ते, गुडघा कुठे आणि डोकं कुठे ते वरून कळतं, हातात धरलेलं खेळणं कळत नाही.

ते खेळणंही आता थोडं थोडं दिसायला लागलंय. डिसेंबर २०२२ मधे गेलेला स्वॉट, नासा आणि फ्रान्सचा. दहा मीटर लांब दांडीच्या दोन टोकांना अँटेना, एका रेघेऐवजी १२० किलोमीटरचा पट्टा एकदम, मधे वीसची फट. जुन्यांची अडचण अशी की ते बहुतेक उत्तर-दक्षिण धावायचे, त्यामुळे विषुववृत्ताकडे पूर्व-पश्चिम उतार नीट मिळायचा नाही, स्वॉट दोन्ही बाजूंचा देतो. त्याचं मुख्य काम नद्या, तलाव आणि समुद्रातले लहान भोवरे. पण डिसेंबर २०२४ मधे याओ यू, सँडवेल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' मधे दाखवलं की त्याच्या एका वर्षाच्या डेटातून आधीच्या तीस वर्षांपेक्षा जास्त तपशील निघतो, किलोमीटरपेक्षा बुटके डोंगर आणि तळावरच्या त्या शेकडो मीटर उंचीच्या समांतर वरंब्यांसकट, ज्यांनी समुद्रतळाचा मोठा भाग भरलेला आहे. परत दुसऱ्याच्याच ताटातलं.

मी स्वतः हा नकाशा उघडतो तेव्हा आधी आपल्या बाजूला जातो. फुकट मिळतो, फाइल मोठी आहे एवढंच. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी उभी माळ सरळ दक्षिणेला जाताना दिसते, मग मधे मध्य हिंदी महासागरी रिजने, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेने, तोडलेली, पलीकडे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या गरम जागेवरून भारत सरकत होता आणि ज्यातून दख्खनचा काळा दगड ओतला गेला तिचीच ही पावलं. राजगडावर आपण ज्याच्यावर बसून डबा खातो त्या दगडाचा पत्ता समुद्राच्या उतारात लिहिलेला आहे हे मला अजूनही जरा जास्तच वाटतं.

मोठ्या खळग्याचं कारण यात सहज दिसत नाही. ते खूप खोल आहे. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी २०२३ मधे कॉम्प्युटरवर कोट्यवधी वर्षं चालवून बघितली, त्यांच्या मते टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्राचा जुना तळ आत बुडाला, त्याने आफ्रिकेखालचा गरम हलका माल ढवळला आणि तो आपल्या खाली येऊन बसला. पटण्यासारखं आहे, वादही आहेत.

मला जास्त खुणावतो तो मुंबईच्या पश्चिमेचा लक्ष्मी रिज. समुद्रातला उंचवटा म्हटला की गुरुत्व जास्त हवं, याच्यावर कमी आहे. सिंधू नदीने हजारो मीटर गाळ आणून टाकलाय, तळ वरून सपाट दिसतो, गुरुत्व मात्र गाळाच्या आरपार खालचं सांगतं, आणि सांगतं ते हे की इथला खडक हलका आहे, म्हणजे सेशेल्स भारतापासून सुटताना मधे राहून गेलेला खंडाचा तुकडा असावा. शेजारच्या लक्ष्मी बेसिनमधे, म्हणजे खोलगट भागात, पाण्याखालचे तीन डोंगर आहेत, रमण, पणिक्कर आणि वाडिया, त्यातले पणिक्कर म्हणजे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. त्या बेसिनचा तळ खंडाचा ताणलेला खडक की समुद्राचा, यावर लोक अजून भांडतायत. स्वॉटचा नवीन ग्रिड, म्हणजे चौकटीचौकटीत मांडलेले गुरुत्वाचे आकडे, टाकून बेसिनच्या मधोमध एक आडवा छेद काढून ठेवलाय मी, जुन्या ग्रिडशेजारी लावला की वाडियाच्या दक्षिणेला रेघ बरीच वेगळी हलते, आणि किनाऱ्याकडे येईल तशी दोन्हीही बिघडतात कारण जमीन पल्समधे घुसते. तेवढ्या शेवटच्या पट्ट्यासाठी बोटच लागणार.